शेंगांच्या शहरात सईचं पान

रत्नागिरीच्या स्टँडवरून सोलापूरची एसटी सुटली तेव्हा नुकतं उजाडत होतं. सईने खिडकी पकडली आणि मी मांडीवर निळी पिशवी घेतली. बाकीचं सामान डिकीत होतं. ही पिशवी मात्र नजरेआड होऊ द्यायची नाही, असं माझ्या बायकोने, माधवीने, तीनदा बजावलं होतं. पिशवीत इंजेक्शनच्या दोन छोट्या काचेच्या कुप्या होत्या, चार सिरिंजा होत्या आणि माधवीच्या अक्षरातला एक कागद होता. माधवी ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. तिला रजा मिळाली नाही, म्हणून आमच्या घरातला सगळ्यात घाबरट माणूस मुलीला सोडायला निघाला होता. मी शाळेत चित्रकला शिकवतो. रक्ताचा थेंब दिसला तरी मला खाली बसावं लागतं.

सईला शेंगदाण्यांची अॅलर्जी आहे. चार वर्षांची असताना कुणीतरी प्रेमाने दिलेल्या चिक्कीचा तुकडा तिने खाल्ला आणि पाच मिनिटांत ओठ, डोळे सुजून तिचा श्वास अडकला. माधवी घरात होती म्हणून पोर वाचली. त्यानंतर चौदा वर्षं आमच्या घरात दाणा आलेला नाही. कोकणात ते फारसं जड गेलं नाही, आमच्याकडे वाटण म्हणजे नारळच. पण सईला शाळेपासून माग, रंग आणि वीण यांचं वेड. कापडाचं शिक्षण घ्यायचं तिने ठरवलं आणि प्रवेश मिळाला तो सोलापूरला. जिथली शेंगाचटणी लोक परदेशी नेतात, त्या गावाला.

'सोलापूरला गेल्यावर काय खावं' अशी एक यादी मला शाळेतल्या कुणीतरी मोबाईलवर पाठवली होती. ती मी वहीत उतरवून घेतली होती. आंबा घाट चढताना वही काढली आणि एकेका नावावर फुली मारू लागलो. शेंगाचटणी. शेंगापोळी. शेंगाभाजी (दाण्यांच्या दाट रश्श्याची भाजी). भरलं वांगं.

"बाबा, काय उरलं?" सईने विचारलं.

"कडक भाकरी. दालचा. हुग्गी, ती काय असते ते माहीत नाही."

"मग झालं की. तीन पदार्थांत माणूस पदवीधर होतो." एवढं बोलून तिने तोंड बाहेर वळवलं. ती हसत होती की चिडली होती, ते मला कळलं नाही.

मिरजेच्या पुढे हिरवं विरळ होत गेलं. सांगोला मागे पडलं आणि मंगळवेढ्याजवळ दोन्ही बाजूंना काळी रानं पसरली. ज्वारी पेरायला अजून अवकाश होता. स्टँडवर गाडी थांबली तशी एक बाई टोपली घेऊन चढली. उकडलेल्या शेंगा. मागच्या बाकावर टरफलं फुटायला लागली. मी उठून सईला पुढे कंडक्टरशेजारी बसवलं, स्वतः मध्ये आडवा उभा राहिलो.

"पाव्हणं, जागा असताना उभं का?" कंडक्टरने विचारलं.

मी सांगितलं. त्याने सईकडे नीट पाहिलं आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "आन तुमी हिला सोलापूरला सोडायला निगालाय व्हय?"

पुढचा तासभर मी हाच प्रश्न स्वतःला विचारत होतो.

सोलापूरच्या स्टँडबाहेर ऊन भाजत होतं. इंजेक्शनचं औषध उन्हात ठेवायचं नाही, असं कागदावर लिहिलेलं, म्हणून पिशवी पोटाशी धरून मी रिक्षा शोधली. रिक्षावाले सलीमभाई पन्नाशीचे, पांढरी दाढी, आणि बोलायला पक्के. लॉजपर्यंतच्या वाटेवर मी त्यांना विचारलं, दाणे नसलेलं जेवण कुठे मिळेल? त्यांनी रिक्षा हळू केली.

"शेंगा नक्को? सोलापूर में आके शेंगा नक्को बोलनेवाला पैलाच आदमी देखा मैं."

"माझ्या मुलीच्या जिवाला धोका आहे."

त्यांनी आरशातून सईकडे पाहिलं आणि म्हणाले, "तो दालचा खाओ. उसमें चने की दाल, दुधी, चिंच. शेंगा का नाम नहीं. मैं खुद पूछता, तुम डरू नक्को."

संध्याकाळी ते आम्हाला एका छोट्या हॉटेलात घेऊन गेले आणि खरोखरच आत जाऊन भटारखान्यात विचारून आले. पांढऱ्या भातावर वाढलेला तो दालचा मी आधी स्वतः खाल्ला. आंबट, दाट, मटणाच्या तुकड्यांभोवती डाळ विरघळलेली. मग सईचं ताट आलं. ती जेवत होती आणि मी तिच्या ओठांकडे बघत होतो. अर्धा तास काही झालं नाही. मला घाम आला होता, तिने मात्र आणखी भात मागितला.

"बाबा, चव घेतलीत का तुम्ही? की नुसतंच तपासलंत?"

खरं सांगायचं तर, त्या दालच्याची चव मला दुसऱ्या दिवशी आठवली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचं काम झालं. वसतिगृहात खोलीही मिळाली. मग आम्ही मेस बघायला गेलो. स्वयंपाकीण मावशींनी पातेल्यावरचं झाकण काढून अभिमानाने मटकीची उसळ दाखवली. वरून पसाभर कूट टाकून त्या ढवळत होत्या. मी काही विचारायच्या आधीच सई म्हणाली, "चला."

दुपारी एका नावाजलेल्या थाळीच्या हॉटेलात गेलो. कडक भाकरी इथली खासियत. पापडासारखी वाळलेली, मोडली की कडकन आवाज होतो, आणि महिनाभर टिकते. वाढप्याला विचारलं, "वांग्याच्या भाजीत शेंगा आहेत का?"

"न्हाईत, साहेब. शेंगा अजाबात न्हाईत."

"नक्की?"

"शेंगा कशाला घालतील वांग्यात? नुसतं कूट हाय की."

भाजी सईच्या ताटात पडायला वीतभर अंतर होतं. मी त्याचा हातच धरला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्याच्या लेखी शेंगा म्हणजे शेंगा आणि कूट म्हणजे कूट. आमच्यासाठी दोन्ही एकच, हे त्याला कुणी कधी सांगितलं नसणार. सईने कोरडी भाकरी आणि कांदा खाल्ला. (इथे काही लोक कांद्याला कानडी पद्धतीने उळ्ळागड्डी म्हणतात.) मी काहीच खाल्लं नाही.

रिक्षात बसताना मी सलीमभाईंना म्हणालो, "इथे जमणार नाही."

"अक्का के पास चलो एक बार," ते म्हणाले. "वहाँ नहीं जमा तो फिर सामान बांधो."

महानंदाअक्कांची खानावळ म्हणजे त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. अक्का साठीच्या असतील. मूळच्या अक्कलकोटकडच्या, मराठी बोलताबोलता मध्येच कानडीत जाणाऱ्या. मी सगळं सांगून संपेपर्यंत त्यांनी भाकरी थापायचं थांबवलं नाही.

"म्हंजे कूटबी न्हाई?"

"नाही."

"चटणीचा हात लागलेला चमचाबी न्हाई?"

हा प्रश्न मला आजवर कुणी आपणहून विचारला नव्हता. मी नाही म्हणून मान हलवली.

"येगळं पातेलं, येगळा तवा, येगळी पळी. उद्या दुपारी या. म्या सवता करून वाढते. पोरगी शिकाय आली, आन उपाशी जाती व्हय?"

रात्री फोनवर माधवीला सांगितलं तेव्हा तिने तेल विचारलं, मसाला विचारला, आणि शेवटी म्हणाली, "बाई कशी वाटली?" मी म्हणालो, ऐकून घेणारी. माधवी म्हणाली, "मग बघ."

तिसऱ्या दिवशी आम्ही एकच्या सुमारास पोचलो. अक्कांनी खरंच सगळं वेगळं केलं होतं. नवा कोरा तवा, कोपऱ्यात वेगळी शेगडी. बाजार आमटी केली होती. करमाळा भागात बाजारच्या दिवशी करतात ती, बऱ्याच डाळी एकत्र शिजवून काळ्या मसाल्याची. सोबत गरम भाकरी, मेथी. मी भाकरीचा काठ मोडून आमटीत बुडवला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. आमटी चांगलीच तिखट होती. सईच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तशी ती हसली आणि मीही हसलो.

टेबलावर दह्याचं भांडं होतं. "दही घे," असं म्हणून मीच ते तिच्याकडे सरकवलं, आणि चमचाभर दही माझ्याच हाताने तिच्या ताटात वाढलं.

ते भांडं सगळ्यांचं होतं. आमच्या आधी जेवून गेलेल्यांनी चटणी घेतलेला चमचा त्यात बुडवला होता. बाजूला लालसर रेघ होती. ती मी पाहिली, पण नंतर.

सईने दोन घास खाल्ले आणि खाजवल्यासारखं ओठांवरून बोट फिरवलं. मग ती खोकली. मानेवर लाल चट्टे उठले.

"बाबा," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "पिशवी."

मी पिशवी उघडली. निघण्याआधी आठवडाभर माधवीने माझ्याकडून मोसंबीवर सराव करून घेतला होता. कुपीची मान मोडायची, औषध ओढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला सरळ टोचायचं. मोसंबीवर मला ते जमायचं. आता कुपीची मान मोडताना ती माझ्या बोटांतच फुटली. काच, औषध आणि रक्त ताटात पडलं. माझ्या डोळ्यांपुढे काळं झालं आणि मी टेबल धरून उभा राहिलो. दुसरी कुपी हातात घेतली, पण हात इतका थरथरत होता की ती धरणंही जमेना.

सईने ती माझ्या हातातून काढून घेतली.

तिच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. पापण्या सुजल्या होत्या. तिने कुपीला टिचकी मारली, ओढणीचं टोक गुंडाळून मान मोडली, सिरिंजवर माधवीने खूण केलेल्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि सलवारीवरूनच मांडीत सुई घुसवली. ओठ हलवत आकडे मोजले. सुई काढली, टोपण लावलं, ती टेबलावर ठेवली आणि मग भिंतीला टेकली.

"सलीम! ए सलीम!" अक्का रस्त्यावर धावत गेल्या होत्या. सलीमभाईंनी रिक्षा दारातच आणून लावली. सईला बसतं धरून अक्का मागे बसल्या आणि मी पुढे सलीमभाईंच्या निम्म्या सीटवर. ते वाटभर नुसता हॉर्न वाजवत राहिले. मी मागे बघत होतो. चौकातल्या सिग्नलपाशी सईच्या छातीतला तो आवाज कमी झाला. मला ते खरं वाटेना, म्हणून मी अक्कांना विचारलं. त्यांनी तिच्या नाकाशी हात धरला आणि म्हणाल्या, "चाललाय. चाललाय श्वास."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाइन लावलं, आणखी औषधं दिली. मग विचारलं, "आधी इंजेक्शन कुणी दिलं?"

"मी," सई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या रुमालात गुंडाळलेल्या बोटांकडे, आणि म्हणाल्या, "वेळेवर दिलंस."

रिअॅक्शन पुन्हा उलटू शकते म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठेवून घेतलं. मी माधवीला फोन केला. "दह्यातून गेलं. इंजेक्शन दिलं. आता बरी आहे." कुणी दिलं, ते मी बोललो नाही आणि तिने विचारलं नाही.

सकाळी सईच्या चेहऱ्यावरची सूज ओसरली होती. मी खाटेच्या कडेला बसलो आणि म्हणालो, "मी उद्याच्या गाडीची तिकिटं काढतो. दोन."

"एक काढा."

"सई, काल काय झालं ते..."

"काल मी दही बघितलंच नाही," ती म्हणाली. "मेसमध्ये मी आपणहून नको म्हटलं. एरवी मी प्रत्येक भांडं बघते, बाबा. अकरावी-बारावीच्या सहली केल्यात मी, मैत्रिणींकडे राहिलेय. पण तुम्ही बरोबर असलात की बघत नाही. तुम्ही बघताय ना, म्हणून. काल तुम्ही वाढलंत आणि मी खाल्लं."

चौदा वर्षं मी तिच्या ताटावर पहारा देत होतो, आणि त्या पहाऱ्यामुळे तिचे डोळे मिटत होते, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

तेवढ्यात दारात अक्का दिसल्या. हातात स्टीलचा डबा. त्या आत येईनात.

"दह्याचं माज्या ध्यानातच आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तवा बदलला, पळी बदलली, आन दही तसंच. रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

"दही मी वाढलं, अक्का," मी म्हणालो. "तुमची चूक नाही."

"तुमी वाढलं, पर भांडं माजं." मग सईकडे वळून त्या म्हणाल्या, "कण्या आणल्यात, संगं वाटीभर दूध. घरातनं. खायच्या तर खा, न्हाई खाल्ल्यास तरी मी रागवायची न्हाई."

कण्या म्हणजे ज्वारीचा भरडा भातासारखा मऊ शिजवलेला. सईने डबा घेतला, उघडला, वास घेतला आणि मग मी ऐकत असताना पाच-सहा प्रश्न विचारले. ज्वारी कुठे दळली? त्या जात्यावर दुसरं काय दळतात? दूध कुठल्या भांड्यात तापवलं? अक्कांनी एकेकाचं उत्तर दिलं. एका उत्तरापाशी त्या अडखळल्या आणि म्हणाल्या, "ते इचारून सांगते." सईने त्या दुधाची वाटी बाजूला ठेवली आणि नुसत्या कण्या मीठ घालून खाल्ल्या. मी तोंडातून शब्द काढला नाही. फार जड गेलं ते.

मग त्या दोघींनीच ठरवलं. टेबलावरची चटणी काढणं शक्य नव्हतं. चटणी नसेल तर सोलापुरातलं गिऱ्हाईक उठून जाईल. म्हणून सई पुढच्या खोलीत जेवणार नाही. इतरांच्या आधी, साडेबाराला, मागे अक्कांच्या घरच्या स्वयंपाकघरात जेवणार. तिची भांडी तिच्या कुलपाच्या पेटीत राहणार. सईने अक्कांना इंजेक्शन कसं द्यायचं तेही दाखवलं. अक्कांनी तीनदा करून दाखवलं आणि चौथ्यांदा न विचारता पुन्हा केलं.

पुढचे दोन दिवस मी सोलापूर पाहिलं ते सईच्या चार पावलं मागून. दवाखान्यातून नव्या कुप्या घेतल्या होत्या आणि पिशवी आता तिच्या खांद्यावर होती. सिद्धेश्वर तलावाच्या काठी ऊन उतरताना बसलो. पूर्व भागातल्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खटखटाट ऐकत हिंडलो. एका घरात तेलुगू बोलणाऱ्या आजींनी तिला टॉवेलच्या काठाची वीण समजावून सांगितली आणि चिंचेच्या भाताची वाटी पुढे केली. सईने विचारलं, "फोडणीत दाणे?" आजी म्हणाल्या, हो, त्याशिवाय कसं? सईने हसून हात जोडले. माझं काळीज तोंडाशी आलं होतं, तिचं नाही. अक्कांनी हुग्गी केली. ती खपली गव्हाची खीर निघाली, गुळाची, वेलदोड्याची. सईने दोन वाट्या खाल्ल्या.

निघायच्या सकाळी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चटणी खाल्ल्याशिवाय जायचं नाही."

"वेडी आहेस का?"

"चौदा वर्षं तुम्ही माझ्यामुळे खाल्ली नाहीत. मी सलीमभाईंच्या रिक्षात बसते. तुम्ही आत खा."

ती खरोखरच रस्त्यापलीकडे जाऊन रिक्षात बसली. अक्कांनी मला दारातल्या टेबलावर बसवलं. कडक भाकरी, वर दही, आणि उखळात कुटलेली शेंगाचटणी. कुटून कुटून तिला तेल सुटलेलं असतं, त्यामुळे मुठीत धरली तर गोळा होतो. लसूण, लाल तिखट, आणि दाण्याची ती खमंग गोडी, जी मी विसरलो आहे असं मला वाटत होतं. दुसऱ्या घासाला माझे डोळे भरून आले. तिखटाने, असं अक्कांना वाटलं असावं. त्यांनी ताकाचा पेला पुढे केला. रस्त्यापलीकडून सई बघत होती. तिने हाताने विचारलं, कशी आहे? मी अंगठा दाखवला.

नंतर मी साबणाने दोनदा हात धुतले, चुळा भरल्या, दात घासले, शर्ट बदलला. तरी स्टँडवर तिला जवळ घ्यायचा धीर झाला नाही. ती दोन हात अंतरावर उभी होती. गाडी हलली तेव्हा ती म्हणाली, "पोचलात की कळवा." हे वाक्य आजवर माझं होतं.

परतीच्या वाटेवर मंगळवेढा गेलं, सांगोला गेलं. प्रत्येक थांब्याला मी फोन पाहत होतो. एक वाजता मेसेज आला. 'जेवले.' घाटात रेंज गेली आणि भीती परत आली. ती आता कायमचीच सोबत राहणार, हेही तिथेच कळलं.

घरी पोचलो तेव्हा माधवी ओट्यापाशी होती. मी पाणी प्यायलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "इंजेक्शन मी नाही दिलं. माझ्या हातून कुपी फुटली. तिने स्वतः घेतलं."

"माहीत आहे," माधवी म्हणाली. "फोनवर तुझा आवाज नुसता उभा राहून बघणाऱ्याचा होता." मग तिने विचारलं, "तिचा हात थरथरला?"

"नाही."

माधवीने गॅस बंद केला आणि पदराने तोंड पुसलं, बराच वेळ.

शाळेत दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी चटणीचं विचारलं. सोलापूरहून माणूस रिकाम्या हाताने येतो, यावर कुणाचा विश्वास बसेना. मी त्यांना दालच्याचं सांगितलं, बाजार आमटीचं सांगितलं, अक्कांच्या हुग्गीचं सांगितलं. जाल तेव्हा पोटभर खा, आणि चटणी तर खाच, असंही सांगितलं. घरी माधवीनेही विचारलं, आता आपण दोघंच आहोत, आणायचे का थोडे दाणे?

नको म्हणालो. दिवाळीला सई येणार आहे.